शिशाचे सैनिक आता न पाहता घ्यावे लागतात

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. गेली तीस वर्षे मी खेळण्यातले सैनिक जमवतो. निम्मे जुने, शिशाचे पोकळ ओतीव आहेत. उरलेले हल्लीचे, रंगवून मिळणारे धातूचे. ज्या दुकानातून मी बहुतेक सगळे घेतले ते मागच्या वर्षी बंद झाले. नवे नग आले की दुकानदार माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत असत. आता सैनिक बनवणारी कंपनी स्वतःच्या संकेतस्थळावरून आगाऊ नोंदणी घेऊन विकते, आणि ज्या मालिकेत मी आठ वर्षे गुंतलो आहे तिच्यातला नगारेवाला दोन तासांत संपला. मग ऑनलाइन लिलावात हात घातला, तर ‘मूळ रंगातील जुना संच’ म्हणून आलेले आठही सैनिक अलीकडे ओतून जुन्यासारखे रंगवलेले निघाले. पुतण्या म्हणतो, सैनिकाच्या आराखड्याची संगणकी फाइल विकत घ्या आणि घरीच थ्रीडी प्रिंटरवर सैनिक काढा. पत्नीचे म्हणणे, भाव आहे तोवर सगळे विकून मोकळे व्हा. हे सगळे या वयात नव्याने शिकावे की थांबावे, हे मला कळत नाही. दुसऱ्या एका विक्रेत्याकडून आलेल्या अस्सल भालाईताचा हात वाटेत तुटला आहे. त्याचे काय करू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्याशी थांबले: ‘नवे नग आले की दुकानदार माझ्यासाठी बाजूला काढून ठेवत असत.’ आपण ते ओघात लिहिले आहे, परंतु आपल्या सगळ्या अडचणींचे मूळ तिथेच आहे असे मला वाटते. बाजूला काढून ठेवणे हे त्या माणसाच्या अनेक कामांपैकी एक होते. आलेल्या नगांपैकी ज्याचा डोळा तिरका रंगवला गेला आहे तो परत पाठवणे, जुना संच विकायला आलेल्याला चार प्रश्न विचारून मगच तो ठेवून घेणे, वाकलेली संगीन हलक्या हाताने सरळ करून देणे, ‘हा तुमच्या संग्रहात बसणार नाही’ असे ओळखीच्या गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणे, ही सगळी कामे तेच करत होते आणि त्यांचा मोबदला किमतीतच मिसळलेला असल्याने तो आपल्याला कधी वेगळा दिसला नाही. दुकान बंद झाले तरी ही कामे संपलेली नाहीत. ती आता आपल्या वाट्याला आली आहेत. आपण थांबू नये, ही कामे एकेक करून अंगावर घ्यावीत, असे माझे मत आहे. तीस वर्षे ज्याने हे सैनिक हातात घेऊन पाहिले आहेत त्याची नजर तयार झालेलीच असते. फक्त तिचा उपयोग आता खरेदीच्या आधी, दुरून करायला शिकावे लागेल.

विक्रीची रीत बदलण्याची ही पहिली वेळ नाही. लंडनमधील विल्यम ब्रिटन यांच्या कुटुंबाने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाची युक्ती काढली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा आणि कडेचा पातळ थर घट्ट होताच आतला रस परत बाहेर ओतून टाकायचा, एवढीच ती युक्ती. पण तिने धातू वाचला, सैनिक हलका व स्वस्त झाला आणि बाजार धरून बसलेल्या जर्मनीच्या भरीव सैनिकांशी बरोबरी करणे शक्य झाले. तरीही दुकानदारांनी त्यांना लगेच जवळ केले नाही. गॅमेजेस या लंडनच्या मोठ्या दुकानाने ते मांडल्यानंतर त्यांचा जम बसला. पुढे १९६६ मध्ये या कुटुंबाच्या नावाच्या ब्रिटन्स कंपनीने शिशाचे सैनिक ओतणे थांबवले, कारण लहान मुलांच्या हाती शिसे देण्यावर निर्बंध आले होते आणि प्लॅस्टिकने बाजार जवळजवळ काबीज केला होता. त्याच सुमाराला अमेरिकेत चित्रकथांच्या मासिकांत शंभर सैनिकांच्या संचाच्या जाहिराती येत. चित्रात धुमश्चक्री दिसे. मुले पैसे पाठवत आणि टपालाने येत ते चपटे, पातळ प्लॅस्टिकचे सैनिक. चित्रावर भरवसा ठेवून मागवणे आणि डबा उघडल्यावर हिरमुसणे हे इंटरनेटच्या कितीतरी आधीपासून चालत आले आहे. जे चित्रात दिसत नाही ते विचारून घेणे त्या मुलांना शक्य नव्हते. आपल्याला ते शक्य आहे, आणि लिलावाच्या बाबतीत तेवढे एक पथ्य पाळले तरी बराचसा मनस्ताप वाचतो.

आपल्या फसलेल्या संचाकडे आता वळते, कारण पुढच्या खरेदीसाठी शिकण्यासारखे सर्वाधिक त्यातच आहे. असे सैनिक बहुधा एखाद्या अस्सल सैनिकावरून रबराचा साचा काढून, त्यात पांढरा धातू (कथिलाचा मिश्रधातू) भरीव ओतून तयार करतात. या पद्धतीच्या खुणा राहतात. ओतलेला धातू थंड होताना किंचित आकसतो, त्यामुळे नक्कल मूळापेक्षा जराशी लहान भरते. पट्ट्यांच्या कडा, बटणे, टोपीवरचा बिल्ला हे तपशील साबण झिजल्यासारखे बोथट होतात. आणि भरीव असल्याने वजन जास्त होते. आपल्या कपाटात त्याच मुद्रेतला एखादा अस्सल सैनिक असेलच. तो आणि नवा, दोघांना स्वयंपाकघरातील काट्यावर पाठोपाठ ठेवून पाहा. नंतर दोघांना उलटे करून तळ शेजारी शेजारी धरा. सुरुवातीच्या काळात तळाला कागदी लेबल चिकटवत असत, पुढे निर्मात्याचे नाव साच्यातच कोरले जाऊ लागले. अस्सल तळावरची अक्षरे झिजलेली असली तरी त्यांच्या कडा कळतात. नकलेतली अक्षरे फुगीर आणि धूसर दिसतात, काही वेळा नकलाकाराने ती घासूनच टाकलेली असतात. पोकळ ओतीव सैनिकाच्या डोक्यात किंवा अंगावर कुठेतरी हवा आणि रस निघण्यासाठी बारीक भोक असते, तेही शोधा. यांतली एकटी कोणतीही खूण निर्णायक नसते, कारण पोकळ नकलाही निघाल्या आहेत. तीन-चार खुणा एकाच दिशेने बोट दाखवू लागल्या की मात्र शंका धरावी.

रंगाची पारख वजनापेक्षा अवघड आहे, पण तिच्यातही एक साधा नियम मला नेहमी उपयोगी पडला आहे. मुलांच्या हातात खेळलेल्या सैनिकाचा रंग जिथे बोटे लागतात आणि जिथे तो शेजाऱ्यावर घासतो तिथे उडतो: टोपीचे टोक, खांद्याची बाहेरची बाजू, बंदुकीची नळी, घोड्याचे कान आणि मागचा भाग. हाताखालच्या खाचेत किंवा दोन पायांच्या मधल्या फटीत रंग उडण्याचे काही कारण नसते. जुनेपणा आणण्यासाठी मुद्दाम घासलेल्या सैनिकावर झीज सगळीकडे सारखी पसरलेली असते, आणि खोलगट जागी तपकिरी पाणी फिरवल्यासारखा मळ बसवलेला असतो. खोक्याचेही तसेच. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायने घालण्याची रीत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली. युद्धापूर्वीचा म्हणून सांगितलेल्या खोक्यावरचे लेबल अतिनील प्रकाशाच्या छोट्या विजेरीखाली निळसर पांढरे चमकले, तर ते लेबल नंतर छापलेले आहे असे समजावे. ही विजेरी हाताच्या पंजाएवढी असते आणि ती आपल्याजवळ असावी असे मी आग्रहाने सांगेन.

यापुढे बोली लावण्याआधी विक्रेत्याकडे काही गोष्टी मागत जा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढलेली छायाचित्रे, त्यात प्रत्येक सैनिकाचा तळ दिसला पाहिजे, शेजारी मोजपट्टी, काट्यावर ठेवलेल्या एका सैनिकाचे छायाचित्र, आणि डोके, हात, घोड्याचे पाय यांपैकी कशाची दुरुस्ती झाली आहे का, याचे लेखी उत्तर. मान तुटलेल्या सैनिकाच्या धडात काडेपेटीची काडी घालून डोके बसवण्याची फार जुनी घरगुती रीत आहे आणि समोरच्या छायाचित्रात ती कधीच दिसत नाही. प्रामाणिक विक्रेता या मागण्यांनी रागावत नाही. पुष्कळांना हे विचारणारे गिऱ्हाईक भेटल्याचा आनंदच होतो, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांचे सामान विकणाऱ्या माणसाला आपल्याजवळ नेमके काय आहे हे स्वतःलाच माहीत नसते. उत्तर टाळले गेले तर बोली लावू नये, मग संच कितीही मोहाचा असो.

आलेल्या आठ सैनिकांविषयी आजच हालचाल करा. लिलावाच्या बहुतेक ठिकाणी वस्तू वर्णनाशी जुळत नसेल तर ठरावीक दिवसांत तक्रार नोंदवावी लागते आणि ती मुदत कडक असते. वजनाचे, तळांचे आणि अस्सल सैनिकाशेजारी ठेवून काढलेले छायाचित्र जोडा, ‘मूळ रंग’ हे शब्द असलेल्या विक्रीच्या पानाची प्रत जपून ठेवा, आणि सगळा पत्रव्यवहार त्या ठिकाणाच्या संदेशपेटीतूनच करा. विक्रेत्याने ‘बाहेरून पैसे परत करतो, तक्रार मागे घ्या’ असे सुचवले तरी पैसे हाती येईपर्यंत तक्रार मागे घेऊ नका. एवढे करूनही ते सैनिक आपल्याकडेच राहिले, तर त्यांच्या तळाला पुसले जाणार नाही अशा शाईने ‘नक्कल’ असे लिहा. आज ना उद्या ते दुसऱ्या कुणाच्या हाती जातील, आणि आपण ज्या फसवणुकीने दुखावलो ती पुढे सरकू न देणे आपल्या हातात आहे. याच कारणासाठी, डिंकी टॉइज या जुन्या ब्रिटिश खेळण्यांतल्या लष्करी गाड्याही आपण कधी घेणार असाल तर सावध राहा: अॅटलस या प्रकाशनाने त्या जुन्या गाड्यांच्या नव्या आवृत्त्या जुन्या धर्तीच्या खोक्यांसह वर्गणीदारांना विकल्या. त्या उघडपणे नव्या म्हणूनच विकल्या गेल्या होत्या आणि चांगल्या आहेत, पण दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाताना काहींवरचा ‘नवी’ हा शब्द गळून पडतो.

आता आपल्या नगारेवाल्याबद्दल. तो दोन तासांत संपला याचे आपल्याला झालेले दुःख मी समजू शकते, कारण आठ वर्षे जुळवत आणलेल्या पलटणीत एक जागा रिकामी राहिली की कपाटाकडे पाहताना नजर तिथेच जाते. परंतु कंपन्या असे का करतात हे समजून घेतले तर आपली चिडचिड कमी होईल आणि काय करावे हेही सुचेल. रंगवून विकले जाणारे धातूचे सैनिक फिरत्या रबरी साच्यांतून ओतले जातात. हे साचे झिजतात, आणि प्रत्येक सैनिक हाताने रंगवायचा असल्याने मजुरी हाच त्याचा मोठा खर्च असतो. पूर्वी दुकानदार शे-दोनशे नग आधीच उचलत आणि न खपलेला माल वर्षानुवर्षे मांडणीवर ठेवत. म्हणजे धोका ते पत्करत होते. आता मधला दुकानदार गेल्यावर तो धोका कंपनीवर आला, म्हणून किती हवेत ते आधी विचारून तेवढेच बनवणे तिला परवडते. सापळा लावावा म्हणून हे केलेले नसते. मात्र त्याच्याबरोबर येणारी ‘फक्त इतके नग, इतके तास’ ही घाई खरेदीदाराच्या मनावर काम करते, हेही तितकेच खरे. माझ्या कपाटाच्या तळाशी एका मालिकेतले सहा घोडेस्वार आहेत, जे मी केवळ पडद्यावरचे उलटे मोजणारे घड्याळ पाहून घेतले. ते ज्या युद्धातले आहेत त्या युद्धाशी माझ्या संग्रहाचा काही संबंध नाही, आणि त्यांची खोकी मी आजवर उघडलेली नाहीत. दुकानात उभे राहून मी ते कधीच घेतले नसते. माझ्या दुकानदाराने मला थांबवले असते.

म्हणून एक काम याच आठवड्यात करा. आपला संग्रह कशाचा आहे, हे एका कागदावर तीन-चार ओळींत लिहून काढा: कोणती पलटण, कोणता कालखंड, कोणते माप, कोणत्या निर्मात्यांचे. तो कागद संगणकाशेजारी चिकटवा. नोंदणी उघडेल तेव्हा नग त्या चौकटीत बसतो की नाही एवढेच पाहायचे. बसत असेल तर पहिल्याच दिवशी विसार भरावा, कारण आता वाट पाहून काही मिळत नाही. बसत नसेल तर पान बंद करावे. कंपनीचे पत्रक टपालपेटीत येईल अशी व्यवस्था करा, जेणेकरून नोंदणीची तारीख आधी कळेल. नगारेवाल्यासाठी मात्र आजच कंपनीला साधे, सविस्तर पत्र लिहा: आपण किती वर्षांचे गिऱ्हाईक आहात, मालिकेतले कोणते नग आपल्याकडे आहेत आणि कोणता राहिला आहे. विसार भरून नंतर माघार घेणारे नेहमीच असतात आणि त्यांचे नग कुणाला तरी द्यावेच लागतात. जे थोडे विक्रेते अजून या कंपनीचा माल ठेवतात त्यांच्याकडेही नाव नोंदवून ठेवा. लिलावात तो लगेच दिसेल, पण पहिल्या काही महिन्यांत घेऊ नका. घाईत नोंदवलेले अनेक नग वर्षभरात परत बाजारात येतात, असे मी वारंवार पाहिले आहे.

घाई कशाची करावी आणि कशाची नाही, हे वस्तू कशी बनते यावरही ठरते. प्लॅस्टिकच्या जोडणी संचांचे पोलादी साचे कंपन्यांपेक्षा जास्त जगतात. असे संच बनवणारी ब्रिटिश कंपनी एअरफिक्स १९८१ मध्ये बुडाली, तिचे साचे नव्या मालकाकडे गेले. पुढे २००६ मध्ये त्या वेळच्या मालकावरही तीच पाळी आली आणि हॉर्नबी या खेळण्यांच्या कंपनीने एअरफिक्स विकत घेतली. आणि तेच जुने रणगाडे व सैनिक पुन्हा नव्या खोक्यांत येत राहिले. असेच संच बनवणाऱ्या रेव्हेलची मालक असलेली हॉबीको ही अमेरिकी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली, तरी रेव्हेल उरली. तेव्हा संचांपुढे ‘बंद होणार’ ही पाटी वाचून ढीग लावण्याची गरज नाही. रंगवलेल्या धातूच्या सैनिकाचे तसे नाही, तो बंद झाला की बहुधा परत येत नाही. अंकागणिक एक सैनिक किंवा गाडी देणाऱ्या वर्गणीच्या मालिकांत वेगळाच धोका असतो, कारण प्रकाशन अडचणीत आले की मालिका मधेच तुटते. अशा मालिका काढणारी इगलमॉस ही प्रकाशन संस्था २०२२ मध्ये कोसळली तेव्हा अनेकांची मालिका अर्धवट राहिली. लोकवर्गणीतून निघणाऱ्या नव्या सैनिकांबाबत तर लोकवर्गणी गोळा करणाऱ्या किकस्टार्टर या संकेतस्थळानेच २०१२ मध्ये आपण दुकान नाही असे जाहीर केले होते. तिथे दिलेले पैसे हा एखाद्याच्या प्रयत्नाला दिलेला हातभार असतो. हातभार लावावासा वाटला तर जरूर लावा, पण ती रक्कम खरेदीच्या हिशोबात धरू नका.

परदेशातून मागवताना किमतीखेरीज आणखी काय भरावे लागेल हे आधी पाहून ठेवा. युरोपीय संघाने २२ युरोंपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी १ जुलै २०२१ पासून काढून टाकली, अमेरिकेने ८०० डॉलरांपर्यंतची जकातमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवली, आणि डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या युरोपीय सुरक्षा नियमांमुळे बाहेरच्या काही लहान निर्मात्यांनी युरोपात पाठवणेच बंद केले. एकेक सैनिक मागवण्याची सवय यामुळे महाग पडू लागली आहे. एकाच निर्मात्याकडून वर्षातून दोनदा, एकत्र मागवणे बरे. माप मात्र प्रत्येक वेळी आकड्यांत तपासा. ब्रिटन्सचे ५४ मिलिमीटर उंचीचे सैनिक आणि हाँगकाँगच्या किंग अँड कंट्री या कंपनीचे १ : ३० प्रमाणातले (खऱ्या माणसाच्या तिसाव्या भागाएवढे, म्हणजे थोडे मोठे) सैनिक पडद्यावर एकसारखे दिसतात, शेजारी उभे केले की एक काका आणि एक पुतण्या. प्रमाणांचे आकडे नेहमी शास्त्रशुद्ध हिशोबातून आलेले नसतात, हेही जाणून असावे. तामिया या जपानी जोडणी-संच कंपनीचे प्रसिद्ध १ : ३५ हे प्रमाण १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाड्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून ठरले, आणि पुढे सगळ्या जगाने ते उचलले.

आपल्या पुतण्याचे म्हणणे टाकाऊ नाही, परंतु ते आपल्या प्रश्नाचे उत्तरही नाही. फाइल विकत घेऊन घरी सैनिक काढणारा माणूस मूर्तिकार आणि रंगारी यांच्या मधला कारागीर होतो, आणि आपल्या पत्रावरून आपल्याला ती आवड असावी असे दिसत नाही. अशा छपाईत वापरतात ते रेझिन म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा द्रव; त्याचा सैनिक छपाईतून निघाल्यावर चिकट असतो. तो अल्कोहोलमध्ये धुवावा लागतो, अतिनील प्रकाशात पक्का करावा लागतो, आणि पक्के न झालेले रेझिन त्वचेला बाधते म्हणून हातमोजे आणि खेळती हवा लागते. त्याची बंदूक शिशासारखी वाकत नाही, ती तुटते. पुतण्याला हे सगळे करण्याची हौस असेल तर त्याच्याकडून एकच काम घ्या: हरवलेले सुटे भाग. तुटलेला भाला, गेलेली शिंग-तुतारी, खोगिराचा एखादा तुकडा. असा भाग बसवलात तर तशी नोंद ठेवा. एक गोष्ट मात्र त्याला सांगून ठेवा: दुसऱ्या निर्मात्याचा विक्रीत असलेला सैनिक स्कॅन करून काढलेल्या फाइली सर्रास फिरतात, त्या घेऊ नयेत. ज्या शिल्पकारांच्या जिवावर हा छंद उभा आहे त्यांच्यापैकी कित्येक एकट्याने काम करतात, आणि चोरलेली एक फाइल त्यांच्या वर्षभराच्या कमाईला धक्का लावू शकते.

विकून मोकळे व्हावे का, हा प्रश्न आपण पत्नीच्या नावाने विचारला आहे, आणि तिच्या म्हणण्यातली काळजी खरी आहे. ज्यांचे बालपण शिशाच्या आणि सुरुवातीच्या प्लॅस्टिकच्या सैनिकांत गेले त्या पिढीचे संग्रह सध्या मोठ्या प्रमाणावर बाहेर येत आहेत. युद्धोत्तर काळातले, खोके नसलेले साधे संच त्यामुळे पूर्वीइतके मागितले जात नाहीत; खोक्यासह, मूळ रंगातले, सुरुवातीच्या काळातले संच अजून मान राखून आहेत. घाईने सगळे एकगठ्ठा विकले तर घेणारा सगळ्यांत मामुली नगाच्या हिशोबाने भाव लावेल आणि आपले उत्तम संच त्यात वाहून जातील. त्यापेक्षा त्या तीन-चार ओळींच्या चौकटीबाहेरचे जे आहे ते हळूहळू काढा. कपाटात जागा होईल आणि नगारेवाल्याचे पैसेही तिथूनच येतील. बाकीच्यासाठी एक वही करा. प्रत्येक संचाला एक पान: निर्माता, संच क्रमांक, कधी आणि कुणाकडून घेतला, काय दिले, कुठे दुरुस्ती आहे, सोबत एक छायाचित्र. तीस वर्षांतल्या पुष्कळ नोंदी फक्त आपल्या आणि त्या दुकानदाराच्या डोक्यात आहेत. दुकान बंद झाले असले तरी ते गृहस्थ आहेत ना? एखाद्या संध्याकाळी वही घेऊन त्यांच्याकडे जा. कोणता संच कुठल्या घरातून आला होता हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले आठवेल, आणि ‘अमुक कुटुंबाकडून, मूळ खोक्यासह’ ही एक ओळ उद्या पत्नीला किंवा पुतण्याला विकावे लागले तर फार मोलाची ठरेल. ही वही झाली की पत्नीची काळजी निम्म्याने कमी होईल, असा माझा विश्वास आहे.

समोर मांडलेले सैनिक पाहण्याची संधी पूर्णपणे गेलेली नाही, हेही सांगायचे राहिले. लंडन आणि शिकागो येथे जुन्या-नव्या सैनिकांचे मेळे भरतात. जर्मनीतील कुल्मबाख येथे, जिथल्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात कथिलाच्या सैनिकांचे मोठे संग्रहालय आहे, दर दोन वर्षांनी चपट्या कथिली सैनिकांचा बाजार भरतो. तिथवर जाणे प्रत्येकाला जमत नाही. परंतु आपल्या आवाक्यातल्या एखाद्या लहान मेळ्याला वर्षातून एकदा गेलात, काही न घेता दिवसभर नुसते सैनिक उलटेपालटे करून पाहिलेत, तरी पुढचे वर्षभर छायाचित्रे वाचताना त्याचा उपयोग होतो. बोटांना वजन लक्षात राहते.

शेवटी तो भालाईत. त्याला अजून काहीही चिकटवू नका. पार्सलाचा खोका, आतले भरण आणि तुटलेला हात जसे आले तसे छायाचित्रात घ्या आणि विक्रेत्याला कळवा, कारण दुरुस्ती केल्यावर भरपाई मागता येत नाही. जुन्या सैनिकांचा हलता हात खांद्यावरच्या छोट्या खुंटीत एका कडीने अडकवलेला असतो. नुसती कडी उघडली असेल तर ती लाकडी काडीने हलकेच मिटवून हात परत बसतो. कडीच तुटली असेल तर बदली हात सुटे मिळतात. तो रंग न लावता, नवा म्हणून ओळखू येईल असाच बसवा, आणि मूळ हात लहान पॉलिथिनच्या पिशवीत घालून, तिच्यावर संच क्रमांक लिहून, त्या भालाइताच्या घोड्याजवळ ठेवा. कागदाच्या पाकिटात किंवा लाकडी पेटीत मात्र ठेवू नका: लाकूड आणि पुठ्ठा यांतून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते. मूळ रंगावर नवा रंग एक ठिपकाही लावू नका. विक्रेता पुढच्या वेळी सैनिक पाठवेल तेव्हा प्रत्येकाला मऊ कागदात वेगळे गुंडाळून, भाला आणि हात यांच्यावर दाब येणार नाही असे, दोन खोक्यांत भरून पाठवायला त्याला आधीच लिहून कळवा. आपले दुकानदार हे न सांगता करत असत.